सातव्या प्रकरणातली सून

४ जानेवारी

प्रिय आक्का,

नमस्कार इथूनच, कारण वाकून करायला गुडघे राजी नाहीत.

सोबत नव्या कादंबरीची पहिली सहा प्रकरणं पाठवतो आहे. पहिली कादंबरी छापून आली तेव्हा तू म्हणाली होतीस, "निबंध बरा जमलाय." ते मी अजून गिळलेलं नाही. या वेळी निबंध नाही. मुलाच्या घरी राहणारी एक म्हातारी आहे, तिचं घर आहे, आणि घरातली न बोलणारी माणसं आहेत.

निवृत्त झाल्यावर लोक बागेत फिरतात, मी लोकांच्या घरांतून फिरतो. शाळेत होतो तेव्हा पोराचा डबा उघडला की त्याचं घर कळायचं. घाईत भरलेला, रुसून भरलेला, आजीनं भरलेला. आता घरं कळेनाशी झाली आहेत. आमच्या जिन्यात प्रत्येक दाराला आतून डोळा आहे. बाहेरून येणारा कोण ते आधी बघतात आणि मग आपण घरी आहोत की नाही ते ठरवतात. एका खोलीत चार माणसं चार फोनांत तोंड घालून बसतात आणि त्याला एकत्र कुटुंब म्हणतात. हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं, आणि मला दुसरा उद्योग नाही.

गेल्या वर्षीची तुझी पत्रं उशाशी घेऊन लिहितो आहे. काय लिहितेस गं तू. तुला कुणी शिकवलं नाही हेच बरं झालं. वाचून स्पष्ट कळव. भीड ठेवू नकोस, तशी तू ठेवतही नाहीस.

तुझा,
मास्तर

१९ जानेवारी

चि. मास्तर,

अक्षर बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. हात थरथरतो, म्हणून शेजारीण लिहून देते. बिचारी दिवसभर नोकरी करून येते आणि वर माझी बडबड उतरवून घेते. वाचायचं मात्र माझं मीच वाचते.

सहाही प्रकरणं झाली. तुझी म्हातारी मला आवडली, पण तिला तू बोलू देत नाहीस. तिनं तोंड उघडलं की तूच बोलायला लागतोस. समाज असा झाला, माणूस तसा झाला. अरे, शाळा सुटून किती वर्षं झाली, तुझी घंटा अजून वाजतेच आहे. आणि चार फोनांचं काय घेऊन बसलास? आपल्या घरी फोन नव्हता, तरी आपले वडील जेवताना कुणाशी एक अक्षर बोलत नसत.

दुसरं म्हणजे, तुझ्या गोष्टीत कुणी कुणाला "जेवलीस का" म्हणून विचारत नाही. एवढी माणसं, एवढी दुःखं, आणि सगळी उपाशी.

माझी जुनी पत्रं उशाशी कसली घेतोस, रद्दीत घाल. माणूस रागात काय वाटेल ते लिहितो. घरोघरी मातीच्या चुली. बाकी सगळं ठीक. पुढचं पाठव.

तुझी,
आक्का

२ फेब्रुवारी

प्रिय आक्का,

शेजारणीचं अक्षर सुरेख आहे, तिला शाबासकी सांग. "जेवलीस का" हे लक्षात ठेवतो. घंटेबद्दल बोलणार नाही.

पण पत्रं रद्दीत घाल म्हणतेस ते काही मला पटलं नाही. मी दुधखुळा नाही. परक्या बाईकडून लिहून घेताना माणूस घरातलं कसं बोलेल? तू हातचं राखून लिहिते आहेस हे ओळीओळीतून दिसतंय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. काळजी करू नकोस. तुला जे बोलता येत नाही ते मी सातव्या प्रकरणात बोललो आहे. सोबत पाठवतो आहे.

तुझं सगळं त्यात आलं आहे. तुझी खुर्ची मधल्या खोलीतून उचलून खिडकीशी टाकली ते. कपबशी काढून घेऊन हातात जाडजूड मग दिला ते. स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाही ते. आणि चष्म्याच्या दुकानात नोकरी करून सासूला मात्र धड चष्मा करून देत नाही, हे तर मी मुळीच सोडलेलं नाही. गावाला नजर वाटत फिरते आणि घरच्या म्हातारीला चाचपडत ठेवते. असं ठरवून सुचत नाही, ते आयतं मिळालं.

प्रकरणाचा शेवट तुझ्या वाक्यानं केला आहे, एक शब्द न बदलता: "सून मला पाहुण्यासारखी जपते. पाहुणा एक दिवस जातो, म्हणून." आक्का, मी जन्मभर भाषा शिकवली, पण असं वाक्य माझ्या हातून झालं नाही. प्रकाशकांना वाचून दाखवलं तर त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं.

नावगाव कुठं नाही. कुणाला काही कळायचं नाही.

तुझा,
मास्तर

२० फेब्रुवारी

चि. मास्तर,

सातवं प्रकरण पोचलं, वाचलं. हे तू लिहिलंस?

चिडू नकोस, कौतुकानं विचारते आहे. दुकान बंद झाल्यावर सून सासूला आत घेऊन जाते, गिऱ्हाइकाच्या उंच खुर्चीवर बसवते. तपासणीची जड चौकट तिच्या नाकावर ठेवते, एकेक काच घालते आणि विचारते, आता दिसतंय? आता? सासू प्रत्येक काचेला हो म्हणते, कारण दिवसभर उभ्या राहिलेल्या पोरीला अजून किती दमवायचं. आणि मग सून म्हणते, "आई, समोरच्या अक्षरांच्या पाटीचा दिवा मी लावलेलाच नाही."

मग ती जवळ स्टूल ओढून बसते आणि सांगते, की यात चष्म्याचा दोष नाही. डोळ्याच्या मागचा पडदाच विरत चालला आहे आणि कुठलीच काच आता कामाची नाही. सासू रडत नाही. तू लिहितोस त्या सगळ्या सासवा रडतात, ही नाही रडली. ती म्हणते, "मग मला दिसायचं ते तू सांगत जा."

तिथं वाचायचं थांबवलं. चहा झाला. मग तेच पान पुन्हा एकदा झालं.

मास्तर, यात कुठंही समाज नाही, संस्कृती नाही, दोन बायका आहेत आणि एक खुर्ची. ज्यानं कुणी हे लिहिलं त्याच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. हे वाक्य मी शेजारणीला दोनदा लिहायला सांगितलं होतं, तिनं एकदाच लिहिलं.

तुझी,
आक्का

१ मार्च

चि. सूनबाईस आशीर्वाद.

माझं पत्र बघून तुला आश्चर्य वाटेल. भाचा कामानिमित्त सतत बाहेरगावी असतो, म्हणून तुला लिहितो आहे.

मी आक्काला माझ्या कादंबरीचं एक प्रकरण पाठवलं होतं. त्यावर तिनं जे कळवलंय ते त्या प्रकरणात नाही. नुसतं नाही असं नाही, त्यातलं अक्षरही मी लिहिलेलं नाही. तिनं मनानंच एक गोष्ट रचली आणि ती माझी म्हणून मला सांगते आहे. या वयात हे लक्षण काय सांगतं ते तुला कळत असेल. घरात राहून तुमच्या हे ध्यानात कसं आलं नाही, याचं मला नवल वाटतं. चांगल्या डॉक्टरांना ताबडतोब दाखवावं. मोठ्या बहिणीबद्दल असं लिहिणं मला जड जातं आहे, पण वेळ गेल्यावर हळहळण्यात अर्थ नाही.

शेजारच्या ज्या बाई तिची पत्रं लिहून देतात त्यांच्याशी बोललीस तर अधिक कळेल.

तुझा,
मामा

९ मार्च

ती. मामांना सा. नमस्कार.

आईंचं डोकं माझ्यापेक्षा आणि तुमच्यापेक्षाही ठिकाणावर आहे. त्याची काळजी सोडा.

ती शेजारीण मीच. "बिचारी" वगैरे मी माझ्याच हातानं लिहिलं, कारण त्या सांगत होत्या तसं लिहायचं असं ठरलं होतं. त्यांनी माझ्याविषयी तुम्हाला एवढं कळवलेलं, आता तिच्याच हातून लिहून घेते असं कोणत्या तोंडानं सांगणार, म्हणून शेजारीण. आणि त्यांचा हात अजिबात थरथरत नाही. त्यांना दिसत नाही. कडेकडेचं थोडं दिसतं, मधलं गेलं. तुमची पत्रं आणि प्रकरणं मीच वाचून दाखवते.

चष्मा मी दोनदा बदलून दिला. तिसऱ्यांदा आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता नंबर बदलून उपयोग नाही. ह्यांना ते आईंना सांगवेना. मला तर त्याहून नाही. मग आई म्हणत राहिल्या, दुकानात असून धड चष्मा देत नाही, आणि मी म्हणत राहिले, पुढच्या महिन्यात बघू. खुर्ची खिडकीशी नेली ती उजेडासाठी. कपाच्या कानात बोट जात नव्हतं आणि चहा अंगावर सांडायचा, म्हणून तो जाडजूड मग दिला. स्वयंपाकघरात एकदा पेटलेल्या शेगडीवर त्यांनी तळहात टेकला. त्यानंतर मी दाराशी आडवी उभी राहते, हे खरं आहे.

तुमचं सातवं प्रकरण मी आधी दुकानात बसून वाचलं. वाईट वाटलं, पण ते राहू दे. संध्याकाळी सोबतचं पत्र वाचून दाखवताना माझ्याविषयीचं सगळं मी गाळलं. मग आई खुर्चीत सरसावून बसल्या आणि म्हणाल्या, चल, बघू या मास्तरनं काय दिवे लावलेत. मी कागद उघडला आणि मला ते वाचवेना. मग जे तोंडाला येईल ते बोलत गेले. मी काही लेखिका नाही. जे त्यांना कधीपासून सांगायचं होतं आणि सांगता येत नव्हतं, ते तुमच्या नावाआडून सांगून टाकलं. आई ऐकत होत्या. शेवटी सासू काय म्हणते, हे मला सुचेना म्हणून मी थांबले, तर आईच म्हणाल्या, "मग मला दिसायचं ते तू सांगत जा, असं म्हणाली असेल." मी म्हटलं, हो, तसंच आहे पुढं.

तेव्हापासून आमचं चांगलं चाललंय, मामा. मी दुकानातून आले की कोण गिऱ्हाईक आलं, त्यानं कसली चौकट घेतली, ती त्याला कशी दिसत होती, सगळं त्या विचारून घेतात. हसतात. लग्न झाल्यापासून आम्ही एवढं बोललो नव्हतो.

एकच मागणं आहे. प्रकरण खुशाल छापा, मला दुष्ट करा, माझं काही म्हणणं नाही. फक्त शेवटचं ते पाहुण्याचं वाक्य काढा. ते आईंचं आहे हे मला तुमच्या पत्रातून कळलं. मला ते माहीत आहे, हे आईंना माहीत नाही. ते त्यांना कधी कळू नये एवढीच माझी इच्छा आहे.

तुमची,
सून

२१ मार्च

चि. सूनबाई,

तुझं पत्र वाचून खाली ठेवलं, आणि दुपारचं जेवण तसंच झाकून राहिलं. मी शरमिंदा आहे. मुलांना सांगायचो, उत्तर लिहिण्याआधी प्रश्न नीट वाचा. स्वतः मात्र एकाच बाजूची पत्रं वाचून उत्तर लिहून मोकळा झालो.

बदल करायला बसलो आहे. चष्म्याचं दुकान काढून औषधांचं केलं. खुर्ची काढली, जाडजूड मग काढला. आता ती तू राहिली नाहीस. तसं पाहिलं तर कादंबरीतली माणसं कुणीच नसतात. आपण एकाचं नाक घेतो, दुसऱ्याचं बोलणं घेतो आणि तिसराच माणूस तयार होतो. वाचणारा त्यात स्वतःला शोधतो, तो त्याचा स्वभाव. साहित्य आणि जीवन यांत हे अंतर राहणारच. तुला वेळ असेल तेव्हा यावर सविस्तर लिहीन.

वाक्याचं बघतो. छपाईआधी तपासायची मुद्रितं हाती यायची आहेत, ती आली की ठरवता येईल. प्रकाशकांचा त्यावर फार जीव आहे, पण मी बोलेन त्यांच्याशी.

आक्काच्या डोळ्यांचं मला माहीत आहे असं तिला सांगू नकोस. तिला आवडलेलं प्रकरण माझंच आहे असं तिला वाटू दे.

तुझा,
मामा

१६ जून

चि. सूनबाई,

वाक्य राहिलं.

तू गेल्या महिन्यात एका ओळीचं कार्ड टाकून विचारलं होतंस आणि मी उत्तर दिलं नाही, त्यावरून तुला अंदाज आलाच असेल. प्रकाशकांनी जबरदस्ती केली असं लिहिणार होतो. तसं झालं नाही. मी त्यांच्याशी बोललोच नाही.

मुद्रितं आली तेव्हा पेन्सिलीनं ते वाक्य मी खोडलं होतं. मग प्रकरण पुन्हा वाचलं. शेवटी काही उरतच नव्हतं. दुकान काढलं, खुर्ची काढली, मग काढला, त्या सगळ्यानंतर त्या प्रकरणात जिवंत असं तेवढंच होतं. मी पेन्सिल उचलली आणि खोडलेल्या शब्दांखाली टिंबं दिली. छापखान्यात त्याचा अर्थ, खोडलेलं आहे तसंच ठेवावं.

प्रकाशन समारंभात प्रमुख पाहुण्यांनी तेच वाक्य वाचलं. टाळ्या झाल्या. मी हात जोडून उभा होतो. सूनबाई, आयुष्यात वर्गाबाहेर माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मला बरं वाटलं. हे तुला सांगायला नको होतं, पण नाही सांगितलं तर तेही एक खोटंच. घरी येऊन कोट काढला आणि मग तू आठवलीस, दाराशी आडवी उभी राहिलेली. आता त्या गोष्टीचा मला इतका पश्चात्ताप होतो आहे, की पुस्तकाची प्रत मी टेबलावर पालथी घालून ठेवली आहे.

रविवारच्या पुरवणीत परीक्षण आलं आहे. ते वाक्य चौकटीत टाकलंय, ठळक. तो पेपर तुमच्याकडे येत नसेल अशी आशा करतो. पुस्तक मी पाठवत नाही. आक्कानं विचारलं तर छपाई लांबली म्हणून सांग.

मला माफ कर असं म्हणायचा अधिकार नाही, तरी म्हणतो.

तुझा,
मामा

३ जुलै

मास्तर,

हे माझं अक्षर. मुलानं जाडं स्केचपेन आणून दिलंय, सून दुकानात गेली आहे. ओळी एकमेकींवर चढल्या असतील. तू पोरांची अक्षरं वाचलीस तशी ही वाच.

सातवं प्रकरण तुझं नाही, हे मला तिनं तोंड उघडल्याबरोबर कळलं होतं. ती पान उलटत नव्हती. आणि तुझ्या गोष्टीत कधी कुणी कुणाजवळ स्टूल ओढून बसलेलं नाही. मी तिला अडवलं नाही. मला ऐकायचं होतं. डोळ्यांचं मला आधीपासून ठाऊक होतं, तिच्या तोंडून हवं होतं.

मग तुला पत्र सांगताना मी त्याची स्तुती केली ती तुला कळावी म्हणून नाही. तिनं ती आपल्या हातानं लिहावी म्हणून. तोंडावर चांगलं बोलायला आपल्या घरात कुणाला जमलंय? वडिलांना नाही, मला नाही, तुला तर नाहीच. म्हटलं, असं तरी तिच्यापर्यंत पोचेल. लिहिताना तिचं पेन थांबलं होतं ते मला ऐकू आलं.

वाक्य माझंच. तू चोरलं नाहीस. हात भाजला त्या दिवशी ती मला रागावली होती आणि मी तुला लिहून मोकळी झाले. लिहिताना मलाही ते वाक्य फार आवडलं होतं. तेव्हा तुला मी काय बोलू? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तो पेपर आमच्याकडे येतो. रविवारी ती तो मला वाचून दाखवते. त्या दिवशी बातम्या झाल्या, जाहिराती झाल्या, मग ती म्हणाली, मामांच्या पुस्तकावर आलंय. तिनं वाचायला सुरुवात केली. पुढं काय येणार ते मला कळलं नव्हतं, तिला समोर दिसत होतं. चौकटीपाशी आली आणि थांबली. तेवढ्यात मला सगळं समजलं. मी वाट बघत होते, की ती काहीतरी दुसरं वाचेल. तिला येतं ते. मास्तर, एक शब्द इकडचा तिकडं केला असता तरी मी तिचे पाय धरले असते.

तिनं ते वाचलं, होतं तसं. मग विचारलं, "हे तुमचं ना, आई?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मला फेब्रुवारीपासून माहीत होतं," आणि पुढचा परिच्छेद वाचायला लागली. परीक्षण संपेपर्यंत तिचा आवाज जरासुद्धा बदलला नाही.

भांडण नाही. मगमध्ये चहा येतो, उजेडात खुर्ची आहे. मी दुकानातलं विचारलं तर म्हणते, नेहमीचंच. तुझं तिला आलेलं पत्रही तिनं मला वाचून दाखवलं, टिंबांपासून टाळ्यांपर्यंत, काही न गाळता.

आता नवीन काही पाठवू नकोस. पाठवलंस तर ती वाचेल, जसं असेल तसं.

आक्का